पुस्तकातलं वाक्य बदललं का? चालू घडामोडींचा माझा हिशोब

एमपीएससी असो की यूपीएससी, नवीन पोरं पोरी आल्या की पहिला प्रश्न ठरलेला, करंट म्हणजे चालू घडामोडी कुठून करायच्या. इतिहास कुठून करायचा हे कोणी एवढ्या टेन्शनमध्ये विचारत नाही कारण त्याला पुस्तक आहे, पहिलं पान आहे, शेवटचं पान आहे. चालू घडामोडींना शेवटचं पानच नाही. म्हणून मग माणूस जे मिळेल ते गोळा करत सुटतो, चार टेलिग्राम चॅनल, दोन मासिकं, रोजची पीडीएफ, आठवड्याची पीडीएफ, महिन्याची पीडीएफ, वर तीन महिन्यांचं रिव्हिजन लेक्चर, आणि सगळीकडे तीच बातमी वेगवेगळ्या रंगाच्या चौकटीत.

आयोगाने अभ्यासक्रमात यासाठी एक ओळ दिलीये. यूपीएससीच्या पूर्व परीक्षेला राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या चालू घडामोडी, एमपीएससीच्या राज्यसेवा परीक्षेला त्यात राज्य हा शब्द जास्तीचा, बस. आता एका ओळीत अख्खं जग बसवलंय म्हटल्यावर काय वाचायचं नाही हे आपल्यालाच ठरवायला लागतं आणि त्यासाठी मी एकच चाळणी वापरतो. बातमी वाचली की विचारायचं, हिच्यामुळे माझ्या पुस्तकातलं एखादं वाक्य बदललं का? बदललं असेल तर पेन घ्यायचा आणि त्या पुस्तकाच्या त्याच पानावर, समासात, लिहून टाकायचं. वेगळी वही नाही, वेगळी फाईल नाही. परीक्षेच्या आधी वही सापडते पण उघडायला वेळ नसतो, पुस्तक मात्र आपण उघडणारच असतो ना.

उदाहरण घेऊ, आपल्याच जवळचं. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. व्हॉट्सॲपवर दोन दिवस अभिनंदनाचा पूर आला, ठीक आहे, आनंदाचीच गोष्ट आहे. पण अभ्यास म्हणून बघितलं तर पुस्तकात वाक्य होतं की देशात सहा अभिजात भाषा आहेत, तमिळ २००४, संस्कृत २००५, कन्नड आणि तेलुगू २००८, मल्याळम २०१३, ओडिया २०१४. ते वाक्य खोडायचं आणि अकरा लिहायचं, मराठीबरोबर पाली, प्राकृत, आसामी आणि बंगाली. एवढ्यावर बहुतेक जण थांबतात. पण त्याच पानाच्या वर खाली काय असतं बघा, राज्यघटनेची आठवी अनुसूची असते, २२ भाषांची. आणि पाली आणि प्राकृत तर त्या अनुसूचीत नाहीतच! म्हणजे अभिजात भाषा असायला आठव्या अनुसूचीत असावं लागतं असं कोणी विधान दिलं तर ते चूक. हा प्रश्न मला पेपर वाचून सुचला नसता, पुस्तकाच्या त्या पानावर लिहायला गेलो म्हणून सुचला. आयोगाचा माणूस प्रश्न काढताना असाच विचार करत असणार असं माझं आपलं मत.

दुसरं माझं आवडतं उदाहरण किल्ल्यांचं, यावर जरा रेंगाळतो कारण एका बातमीत तीन विषय आहेत. जुलै २०२५ मध्ये मराठा मिलिटरी लँडस्केप्स या नावाने १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, भारताचं ते ४४ वं स्थळ. वनलायनरवाले, म्हणजे एका ओळीत बातमी पाठ करणारे, इथे थांबतात, बारा किल्ले, चव्वेचाळीसावं, पुढची बातमी. पण नकाशा उघडा. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे अकरा महाराष्ट्रात आणि बारावा जिंजी तामिळनाडूत. आता जिल्हे लावा. साल्हेर नाशिकमध्ये, प्रतापगड साताऱ्यात, पन्हाळा कोल्हापुरात, शिवनेरी लोहगड राजगड तिन्ही पुण्यात, सुवर्णदुर्ग रत्नागिरीत, खांदेरी आणि रायगड रायगड जिल्ह्यात. विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग दोन्ही सिंधुदुर्ग जिल्ह्यात, इथे घाईत गडबड होऊ शकते. मग प्रकार, खांदेरी सुवर्णदुर्ग सिंधुदुर्ग हे बेटावरचे, विजयदुर्ग किनाऱ्यावरचा, बाकीचे डोंगरी. आणि सगळे काही भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे नाहीत हं, साल्हेर, राजगड, खांदेरी आणि प्रतापगड हे चार राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे आहेत.

मग इतिहासाच्या पुस्तकात जा. जिंजी या यादीत का? कारण रायगड पडायची वेळ आली तेव्हा १६८९ मध्ये राजाराम महाराज तिकडे गेले आणि स्वराज्याचा कारभार तिथून चालला, मुघल सरदार झुल्फिकारखानाचा वेढा कित्येक वर्षं चालला आणि १६९८ मध्ये किल्ला पडला तरी महाराज निसटले होते. साल्हेर म्हटलं की १६७२ ची लढाई, मुघलांना उघड्या मैदानात हरवलं ती. आणि संस्कृतीच्या पुस्तकात महाराष्ट्रातल्या वारसा स्थळांची यादी असतेच, अजिंठा आणि वेरूळ १९८३, घारापुरी १९८७, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस २००४, पश्चिम घाट २०१२, मुंबईतल्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारती २०१८. तिच्या खाली ही एक ओळ वाढली. बातमी दोन मिनिटांची, अभ्यास अर्ध्या पाऊण तासाचा, आणि त्यातला निम्म्याहून जास्त भाग चालू घडामोडी नाहीच, इतिहास भूगोल आहे. माझ्या मते करंटचा अभ्यास म्हणजे हाच.

आता दुसऱ्या जातीच्या बातम्या. यांच्यामुळे पुस्तकातलं वाक्य बदलत नाही पण त्या पुस्तक उघडायला लावतात. रेपो रेट, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो दर, बदलला ही बातमी घ्या. तो आकडा दोन महिन्यांनी परत बदलू शकतो, पाठ करून काय उपयोग (परीक्षेच्या आधी एकदा बघून ठेवायचा, संपलं). पण आकडा कोण ठरवतं हे बदलत नाही. २०१६ मध्ये पतधोरण समिती आली, सहा जण, तीन रिझर्व्ह बँकेचे आणि तीन केंद्र सरकारने नेमलेले, बहुमताने निर्णय, समसमान मतं पडली तर गव्हर्नरचं निर्णायक मत. आणि महागाईचं लक्ष्य कोण ठरवतं? इथे भले भले चुकतात, ते रिझर्व्ह बँक नाही ठरवत, रिझर्व्ह बँकेशी सल्लामसलत करून केंद्र सरकार ठरवतं, दर पाच वर्षांनी, ४ टक्के आणि वर खाली २ टक्क्यांची सवलत. बँकेचं काम ते गाठायचं. दर वेळी रेपो रेटची बातमी आली की मी एवढंच मनातल्या मनात म्हणून बघतो, आकड्याकडे बघतही नाही फारसं.

पुरस्कार आणि नेमणुका, हो, हे यायलाच पाहिजे कारण राज्यसेवेला आणि विशेषतः कम्बाइनला (एमपीएससीची संयुक्त परीक्षा) थेट प्रश्न येतात. सरळ पाठांतर आहे, शेवटच्या महिन्यात करायचं, आधी करून विसरण्यात अर्थ नाही. तरी त्यातही कधी कधी मूळ सापडतं. २०२४ ला पाच भारतरत्न जाहीर झाले, कर्पूरी ठाकूर, लालकृष्ण अडवाणी, चौधरी चरण सिंह, नरसिंह राव आणि स्वामिनाथन, त्यातले अडवाणी सोडून चौघे मरणोत्तर. नियम म्हणतो वर्षाला जास्तीत जास्त तीन, पण १९९९ ला चार झाले होते आणि यावेळी पाच. आणि पॉलिटीच्या, म्हणजे राज्यघटनेच्या पुस्तकात अनुच्छेद १८ (किताब रद्द करणारा) खाली १९९६ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल असतो, हे पुरस्कार म्हणजे किताब नाहीत आणि नावाच्या आधी किंवा नंतर लावायचे नाहीत. झालं की, पुरस्काराची बातमी मूलभूत हक्कांच्या चॅप्टरमध्ये जाऊन बसली.

मुख्य परीक्षेसाठी मात्र ही समासात लिहायची पद्धत पुरत नाही हे खरंय. यूपीएससीला आधीपासून आणि आता राज्यसेवेलाही वर्णनात्मक पॅटर्न आलाय, लेखीचे १७५० मार्क आणि मुलाखतीचे २७५, तिथे तुम्हाला बातमी माहितीये का एवढं कोणी विचारत नाही, त्यावर दीडशे दोनशे शब्द लिहिता येतात का ते बघतात. त्यासाठी मी धागा पकडतो. एक विषय एक पान, आणि बातमी आली की त्या पानावर खाली एक ओळ. आरक्षणाचंच बघा. १९९२ चा इंद्रा साहनी निकाल, ५० टक्क्यांची मर्यादा, तिथून पान सुरू. मग २०१८ ची १०२ वी घटनादुरुस्ती, अनुच्छेद ३३८ ब (मागासवर्ग आयोग) आणि ३४२ अ (मागास वर्गांची यादी). २०१९ ची १०३ वी, आर्थिक दुर्बलांना १० टक्के. मे २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने महाराष्ट्राचा मराठा आरक्षणाचा कायदा रद्द केला आणि १०२ व्या दुरुस्तीचा अर्थ असा लावला की मागास वर्ग ठरवायचा राज्यांचा अधिकारच गेला, म्हणून त्याच वर्षी १०५ वी दुरुस्ती करून तो राज्यांना परत दिला. नोव्हेंबर २०२२ ला ३ विरुद्ध २ ने १०३ वी टिकली. फेब्रुवारी २०२४ ला महाराष्ट्राने मराठा आरक्षणाचा १० टक्क्यांचा नवा कायदा केला. १ ऑगस्ट २०२४ ला सात न्यायाधीशांच्या घटनापीठाने ६ विरुद्ध १ ने अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाला मान्यता दिली आणि असं उपवर्गीकरण नाकारणारा २००४ चा चिन्नय्या निकाल बाजूला पडला.

सुट्या सुट्या वाचल्या तर या सात आठ बातम्या आहेत, बहुतेक २०१८ ते २०२४ मध्ये पसरलेल्या, वेगवेगळ्या मासिकांत. एका पानावर आल्या की गोष्ट दिसते, न्यायालय काहीतरी म्हणतं, संसद उत्तर देते, राज्य मधे अडकतं, परत न्यायालय. आता संघराज्यावर प्रश्न येऊ दे, न्यायालयीन सक्रियतेवर येऊ दे, सामाजिक न्यायावर येऊ दे, पान तेच. असे वीस पंचवीस धागे धरले की पुष्कळ झालं असं मला वाटतं, राज्यपालांचे अधिकार, निवडणूक सुधारणा, शेतमालाचा भाव, पाणीवाटप, शेजारी देश, डेटा आणि खाजगीपणा वगैरे. महिला आरक्षणाचं पानही ठेवा, लोकसभा आणि विधानसभांसाठीची १०६ वी घटनादुरुस्ती २०२३, पण ती लागू होणं जनगणना आणि मतदारसंघ पुनर्रचनेला बांधलेलं आहे, आणि त्याच पानावर वरती पंचायती आणि नगरपालिकांच्या ७३ वी आणि ७४ वी, आणि महाराष्ट्राने २०११ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांना ५० टक्के केलं ते.

योजनांचं एक सांगतो. योजनेची बातमी वाचताना उद्दिष्ट वाचूच नका, सगळ्यांचं उद्दिष्ट सक्षमीकरणच असतं. मंत्रालय कोणतं, पैसा पूर्ण केंद्राचा की राज्याचाही वाटा, लाभार्थी कोण आणि कोण नाही, एवढं बघा. पीएम विश्वकर्मा घ्या, सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, सूक्ष्म लघु मध्यम उद्योग मंत्रालय, पूर्ण केंद्राची योजना, १८ पारंपरिक व्यवसाय, ५ टक्के व्याजाने दोन टप्प्यांत तीन लाखांपर्यंत कर्ज. चार ओळी. पीआयबीच्या (केंद्र सरकारचं प्रसिद्धी कार्यालय) प्रेस नोटमध्ये हेच दोन पानं पसरून असतं.

एवढं सगळं करून पूर्वच्या पेपरात किती फायदा होतो, असं एका ज्युनियरने विचारलं होतं. थेट प्रश्न किती येतील हे कोणी सांगू शकत नाही आणि जो सांगतो तो क्लास विकत असतो. पण २०२३ पासून यूपीएससीने किती जोड्या बरोबर, फक्त एक, फक्त दोन, असे पर्याय भरपूर द्यायला सुरुवात केली तेव्हापासून एक विधान माहितीये म्हणून ऑप्शन उडवायची सोय बरीच कमी झालीये. अर्धवट माहिती तिथे जास्त महाग पडते, दोन मार्कांच्या प्रश्नाला चुकलं तर यूपीएससीला एक तृतीयांश जातात आणि राज्यसेवेला एक चतुर्थांश. दोनशे गोष्टी अर्ध्या माहीत असण्यापेक्षा साठ पूर्ण माहीत असलेला माणूस अशा पेपरात निवांत असतो.

आणि हो, आर्थिक पाहणी, म्हणजे सरकारचा वर्षाचा अर्थव्यवस्थेचा अहवाल, राहिली. केंद्राची अर्थसंकल्पाच्या आधी येते, राज्याचीही तशीच, राज्य अर्थसंकल्पाच्या आदल्या दिवशी साधारण. राज्याची सगळी वाचायची गरज नाही, गेल्या वर्षीची आणि यंदाची शेजारी शेजारी उघडायची आणि लोकसंख्या, शेती, सिंचन, दरडोई उत्पन्न यांचे तक्ते बघायचे, काय वाढलं, काय घसरलं, कुठल्या आकड्याची व्याख्याच बदलली. जनगणनेचे आकडे तिथे अजून २०११ चेच दिसतात, नवीन जनगणनेचे येतील तेव्हा भूगोलाच्या पुस्तकाचे समास पुरणार नाहीत, म्हणून मी त्या चॅप्टरमध्ये आत्ताच दोन कोरी पानं चिकटवून ठेवलीयेत.