मालगुजार मिशन

छत्तीसगडातल्या धमतरीजवळच्या बालोदगहन गावची ख्रिस्ती मंडळी, म्हणजे तिथलं चर्च, मेनोनाइट आहे, हे नागपुरात सांगितलं की लोक विचारतात, म्हणजे कोण? युरोपातला सोळाव्या शतकातला पंथ. मोठेपणी समजून-उमजून बाप्तिस्मा घ्यायचा आणि शस्त्र हाती धरायचं नाही. एवढं पुरे.

मला खरं कुतूहल आहे ते जमिनीचं. 1899 मध्ये अमेरिकन मेनोनाइट मिशनरी धमतरीत आले तेव्हा छत्तीसगडात दुष्काळ होता. धर्मोपदेश राहिला बाजूला, आधी धान्यवाटप आणि अनाथ मुलांची सोय करावी लागली. ती मुलं मोठी झाली, त्यांची लग्नं झाली. आता खायचं काय? ख्रिस्ती झालेल्यांना बिरादरीत परत जागा नव्हती. म्हणून 1906 मध्ये मिशनने बालोदगहन हे आख्खं गावच विकत घेतलं. आपल्या पूर्व विदर्भासारखीच तिथेही मालगुजारी होती, म्हणजे गावाचा मालक तोच कुळांकडून सारा गोळा करून सरकारला भरणारा; प्रांत एकच आणि राजधानी नागपूर. म्हणजे साधेपणाचा आग्रह धरणारे हे शांतताप्रिय लोक चक्क मालगुजार झाले! सारा गोळा करायचा, कुळांची भांडणं मिटवायची आणि रविवारी त्याच कुळांसोबत प्रार्थनेला बसायचं. धनी आणि भाऊ ही दोन्ही नाती एकाच माणसाशी कशी सांभाळली असतील, मला अजून नीट उमगत नाही. चर्चचे इतिहास बहुधा पाळकांच्या नावांनी भरलेले असतात. मी असतो तर सातबारापासून सुरुवात केली असती.

1951 मध्ये मालगुजारीच संपली. मंडळी राहिली.