जीएमआरटीवर पल्सार पाहताना : माझा अनुभव

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी पहिलं प्रपोजल लिहिलं. पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीवर डिसेंबरअखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत जे१९०९-३७४४ हा पल्सार, म्हणजे भराभर फिरत दर फेरीला रेडिओ लहरींचा एक ठोका पाठवणारा मृत तारा, पाहायला वेळ हवा होता. हा तारा सेकंदाला ३३९ गिरक्या घेतो. त्याचे ठोके इतके नेमके आहेत की अवकाशाला किंचित ताणत-आक्रसत जाणाऱ्या अतिमंद गुरुत्वीय लहरी शोधणारे जगभरचे गट त्याच्यावर भिस्त ठेवून असतात. जून २०२३मध्ये अशा लहरींचे पुरावे जाहीर झाले, तेव्हा युरोपीय गटाच्या जोडीला भारतीय गटाची जीएमआरटीवरची निरीक्षणंही होती.

जानेवारीच का? कारण महिन्याच्या सुरुवातीला आकाशात सूर्य या ताऱ्यापासून साधारण १५ अंशांवरून जातो. ताऱ्याकडून येणाऱ्या रेडिओ लहरींना तेव्हा सौरवाऱ्यातल्या जास्त इलेक्ट्रॉनांमधून वाट काढावी लागते आणि त्या रेंगाळतात. वाटेतल्या एकूण इलेक्ट्रॉनांच्या मापाला आम्ही डीएम म्हणतो. उशीर वारंवारितेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो, त्यामुळे कमी वारंवारितेवर तो ठळक दिसतो.

प्रपोजलचा पहिला खर्डा वाचून गाईड मॅडम म्हणाल्या, “महत्त्वाचं आहे, असं लिहू नकोस. किती मायक्रोसेकंद, ते लिही.” मग मी गणित मांडलं. डीएम ०.०००३ने वाढला, तर १४०० मेगाहर्ट्झवर ठोका जेमतेम ०.६ मायक्रोसेकंद उशिरा येईल, पण ४०० मेगाहर्ट्झवर जवळजवळ ८. गुरुत्वीय लहरींचा परिणाम मायक्रोसेकंदाच्याही आतला असल्यामुळे हे ०.६सुद्धा सोडून चालत नाही, आणि ते नीट मोजायचं तर खालच्या वारंवारितेवरच जावं लागतं. वेळ देणाऱ्या समितीला पटवायला मला यापेक्षा चांगला युक्तिवाद सापडला नसता. वेळ मंजूर झाला, मागितला त्याहून थोडा कमी.

सूर्य जवळ असल्याने तारा भर दुपारी माथ्यावर येतो. ‘माथ्यावर’ म्हणायचं एवढंच, कारण खोडदहून तो दक्षिण क्षितिजापासून ३३ अंशांच्या वर चढतच नाही. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिशपैकी १४ मधल्या भागात आहेत, उरलेल्या तीन भुजांवर दूरवर पसरल्यात. आम्ही मधल्या आणि भुजांवरच्या जवळच्या डिश घेतल्या. आधी एका कॅलिब्रेटरकडे, म्हणजे नीट माहीत असलेल्या रेडिओ स्रोताकडे वळून सगळ्यांचे सिग्नल एका फेजमध्ये, म्हणजे एकमेकांच्या तालात आणायचे, मग पल्सारकडे जायचं. दिवसा आयनोस्फिअर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, अस्वस्थ असतं, फेज सुटत जाते, म्हणून अधूनमधून परत कॅलिब्रेटरवर. कंट्रोल रूममधल्या ऑपरेटरदादांना आलेख पाहूनच कळायचं की आता पुन्हा फेज करायला हवं. दरवेळी पुन्हा पल्सारवर आलो की मी श्वास रोखून स्क्रीनकडे बघायचे.

खरं काम पुढे होतं. विजेच्या तारांवरच्या ठिणग्यांचा आवाज डेटात शिरतो, ५० हर्ट्झच्या तालावर. संध्याकाळच्या संध्याकाळ मी काळ्या पडद्यावर उभ्या-आडव्या रेघा पाहिल्यात: आडवी रेघ म्हणजे एखाद्या वारंवारितेवर कायम बोलणारा ट्रान्समीटर, उभी म्हणजे क्षणभराची ठिणगी. प्रोग्रॅम बरंचसं काढतो, पण तो कुठे जास्त कापतोय, हे डोळ्यांनीच बघावं लागतं. या कामाला लोक कंटाळवाणं म्हणतात, ते मला पटत नाही. दुर्बीण कशी ऐकते, हे मी तिथेच शिकले.

साफ झालेला डेटा ताऱ्याच्या गतीने घडी घालून रचला, म्हणजे प्रत्येक फेरीचा ठोका एकावर एक ठेवला. डीएमची दुरुस्ती न करता ३०० आणि ५०० मेगाहर्ट्झवरचे ठोके ताडून पाहिले, तर त्यांच्यात सुमारे ०.३ सेकंदाचं अंतर येतं. तेवढ्यात तारा शंभराहून अधिक वेळा फिरलेला असतो. दुरुस्ती केली आणि सगळ्या पट्ट्यांमधले ठोके एका सरळ उभ्या रेषेत आले. बी.एस्सी.ला पाठ केलेला वर्गाच्या व्यस्ताचा नियम समोर खरा होताना पाहून मी मॅडमना लगेच फोन केला.

डिसेंबरअखेरीपासून डीएम चढला, सूर्य दूर गेल्यावर उतरला. मात्र चढउतार साध्या गोलाकार सौरवाऱ्याच्या मॉडेलशी पूर्ण जुळत नाही. पुढच्या हंगामासाठी मी नवं प्रपोजल दिलंय: या वेळी डिशचे दोन गट करून १४०० मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टाही त्याच वेळी घ्यायचा आहे.