पालथं पडून ऐकलेला डॉक्टर

डोळ्याच्या पडद्याला मधोमध भोक पडलं होतं. मॅक्युलर होल. ऑपरेशनचं फारसं काही वाटलं नाही, खरी परीक्षा त्यानंतरची. डोळ्यात वायूचा बुडबुडा भरतात. बुडबुडा वर जाणार आणि भोक डोळ्याच्या मागच्या भिंतीला, म्हणून आपण तोंड खाली करून राहायचं, म्हणजे तो भोकावर दाबून बसतो. तासातली पन्नास मिनिटं पालथं, दहा मिनिटं सुटका, असे दहा दिवस. टीव्ही, मोबाइल, पुस्तक सगळं बंद. समोर फरशी, आणि तिच्यातली एक तडा गेलेली टाइल.

दुसऱ्या दिवशी इंग्लंडमधल्या लेस्टरहून भाच्याचा फोन आला. "मावशी, तू डॉक्टर हू ऐक."

"अरे, ती टीव्हीवरची ना? ऐकू काय?"

"आजोबांच्या श्रुतिका ऐकायचीस ना, तशीच."

हा डॉक्टर औषधं देणारा नव्हे. निळ्या पोलीस खोक्यातून काळात भटकणारा, मरायला टेकला की शरीर बदलून नव्या नटाच्या रूपात उभा राहणारा. बीबीसीवर 23 नोव्हेंबर 1963 ला मालिका सुरू झाली आणि 1989 साली गुंडाळली गेली. पुढे 1999 मध्ये बिग फिनिश नावाच्या कंपनीने जुन्या नटांनाच मायक्रोफोनसमोर उभं करून नव्या गोष्टी काढल्या. दर महिन्याला येणारी त्यांची मुख्य मालिका 2021 साली 275 आकड्यावर थांबली. भाच्याने त्याचं खातं माझ्या फोनवर उघडून दिलं आणि काय लावायचं याची यादी नवऱ्याला पाठवली.

ऐकण्याचा पहिला दिवस साफ फसला. भाचा शिस्तीचा, त्याने पहिल्या क्रमांकापासून सुरुवात करायला लावली. 'द सायरन्स ऑफ टाइम'मध्ये पहिल्या तीन भागांत एकेक डॉक्टर येतो आणि चौथ्यात तिघे एकदम. त्या तीन नटांपैकी सिल्व्हेस्टर मॅकॉयचा स्कॉटिश 'र' मला लगेच ओळखू आला. पण पीटर डेव्हिसन कुठला आणि कॉलिन बेकर कुठला, याचा चौथ्या भागात असा गोंधळ उडाला की मी सरळ झोपले. आयुष्यभर मुलांना इतिहास शिकवला, इंग्रजी पुस्तकं वाचली, पण वाचलेलं इंग्रजी वेगळं आणि कानावर आदळणारं वेगळं.

शिवाय इअरफोन. चेहऱ्याखाली मधे पोकळ असलेली गोल उशी, तिच्या कडेने कान असे चेपले जायचे की तासाभरात दुखायला लागायचे. मग नवऱ्याने फोन स्टीलच्या पातेल्यात ठेवून ते माझ्या नाकाखाली फरशीवर सरकवलं. आवाज मोठा झाला, पण सगळी माणसं विहिरीत पडल्यासारखी बोलू लागली. डॅलेक, म्हणजे डॉक्टरचे यंत्रात बसलेले शत्रू, तेवढे झकास वाटले. त्यांचा आवाज मुळातच रिंग मॉड्युलेटर नावाच्या यंत्रातून काढून चिरका केलेला असतो, त्याला पातेलं मानवलं.

तिसऱ्या दिवशी मी दोन नियम केले. प्रत्येक भाग दोनदा ऐकायचा: पहिल्यांदा कोण बोलतंय ते, दुसऱ्यांदा काय बोलतंय ते. आणि क्रम गेला खड्ड्यात, लांबलेली कथा अर्ध्यावर सोडायची. एक भाग साधारण पंचवीस-तीस मिनिटांचा, त्यामुळे पन्नास मिनिटांत एकच भाग नीट पचायचा. भाग संपताना कुणीतरी हमखास संकटात सापडतं, ती किंकाळीवजा धून वाजते आणि मी उठून पाठ मोडत चहा प्यायचे.

ऐकताना एक दोष फार खुपायचा. पात्रांना जे दिसतं ते ती बोलून दाखवतात. बाबांच्या श्रुतिकांमध्ये "अगंबाई, तुमच्या हातात हे पिस्तूल!" असं असायचं, तेच इथेही. चांगला लेखक हे टाळतो. 'स्पेअर पार्ट्स' (2002) मध्ये मार्क प्लॅटने ते फार सुंदर टाळलंय. जमिनीखालचं एक शहर, आणि तिथल्या माणसांचे एकेक अवयव काढून यंत्र बसवताहेत. इव्हॉन नावाची मुलगी अर्धवट यंत्र होऊन वडिलांच्या दारात परत येते. ती कशी दिसते हे फारसं सांगतच नाहीत. भलत्याच ठिकाणी चढणारा-उतरणारा यांत्रिक आवाज आणि त्यात बापाची हाक. उशीच्या भोकातून टाइलवर दोन थेंब पडले. ऑपरेशन झालेल्या डोळ्याने रडावं की नाही, हे विचारायचं राहूनच गेलं होतं.

पण मला सापडली ती एव्हलिन स्माइथ. पंचावन्न वर्षांची इतिहासाची प्राध्यापिका, कॉलिन बेकरच्या डॉक्टरबरोबर फिरणारी. टीव्हीवर ही बाई कधीच आली नाही, ती फक्त आवाजातच आहे. टीव्हीवर याच डॉक्टरवर आरडाओरडा करणारा म्हणून टीका झाली होती. इथे एव्हलिन त्याला जागच्या जागी सुनावते आणि तो ऐकून घेतो. 'जुबिली' (2003) मध्ये लंडनच्या किल्ल्यात एक एकटा डॅलेक कैदेत आहे. त्याच्याशी ती जशी बोलते, तशी मी वर्गातल्या शेवटच्या बाकाशी बोलायचे. 2005 साली मालिका टीव्हीवर परतली, तेव्हा त्याच लेखकाने, रॉबर्ट शीअरमनने, त्यातलीच कल्पना घेऊन तिच्यासाठी भाग लिहिला.

शेवटचे दोन दिवस भाच्याने 'मार्को पोलो' लावायला सांगितलं. ही बिग फिनिशची नव्हे, 1964 सालची मूळ टीव्हीवरची कथा. सात भाग, आणि सातही भागांची चित्रं गेली. तेव्हा बीबीसी टेप पुसून पुन्हा वापरायची. पण काही मुलांनी घरच्या टीव्हीला टेपरेकॉर्डर लावून आवाज घेऊन ठेवला होता, त्यामुळे एकाही हरवलेल्या भागाचा आवाज गेलेला नाही. बाबासुद्धा रेडिओवरची श्रुतिका अशीच टेप करायचे. खुनाच्या ऐन प्रसंगी आईच्या कुकरची शिट्टी त्यात कायमची राहिलीय.

बहुतेक भागांचा दिग्दर्शक वारिस हुसेन, जन्म लखनौचा. मालिकेची पहिलीवहिली कथाही त्यानेच केलेली. सीडीवर मधल्या मोकळ्या जागा मूळ मालिकेतलाच नट, विल्यम रसेल, निवेदनाने भरतो. सहाव्या भागात कुब्लाई खान येतो, आणि डॉक्टरची पाठ अशी धरलेली असते की त्याला वाकून नमस्कार घालता येत नाही. खानाला संधिवात. जगाचा सम्राट आणि काळाचा प्रवासी, दोघे एकमेकांना धरून कण्हत निघतात. माझीही मान अवघडलेली, मी पण त्यांच्यात सूर मिसळला. पुढे डॉक्टर त्याच्याकडून सोंगट्यांच्या डावात 35 हत्ती, 4000 पांढरे घोडे आणि ब्रह्मदेशचा वर्षभराचा व्यापार जिंकतो, आणि शेवटी निळं खोकं परत मिळवायला हे सगळं पणाला लावून हरतो. नवरा भाजी निवडता निवडता म्हणाला, "मूर्ख आहे, हत्ती घेऊन उठायचं होतं."

तपासणीला भोक बुजलेलं निघालं. बुडबुडा अजून थोडा होता, मान हलवली की खालच्या अंगाला गोल काचेसारखा डचमळायचा. तो विरेपर्यंत विमान बंद, म्हणून लेस्टर लांबणीवर. भाच्याने 'मार्को पोलो'चे उरलेले रंगीत फोटो पाठवले. कथेतली चिनी मुलगी पिंग-चो माझ्या मनात चक्क जांभळ्या लुगड्यात होती, तिथे ती रेशमी चिनी झग्यात. कुब्लाई खानाच्या फोटोशी नवरा थबकला, चष्मा वर केला.

"हा खान? मला आपला आमचा जुना हेडक्लार्क दिसत होता."