आमच्या पिनकोडची कुंडली

आठवीतल्या भाच्याला शाळेतून प्रकल्प मिळाला होता: एक सहा अंकी संख्या निवडा आणि तिचे गुणधर्म लिहा. मी म्हटलं, बाहेर कशाला शोधतोस, आपला पिनकोड घे. ४११०३०, सदाशिव पेठ. इतकी वर्षं पाकिटांवर लिहिला, पण संख्या म्हणून त्याच्याकडे कधी बघितलंच नव्हतं.

सुरुवात सोपी होती. शेवटी शून्य, म्हणजे दहाने भाग जातो. अंकांची बेरीज नऊ, म्हणजे नऊनेही जातो. नव्वदने भागल्यावर आले ४५६७. चार, पाच, सहा, सात, अगदी ओळीने! पोरगं नाचायलाच लागलं. पुढचा दीड तास मात्र याच चार अंकांनी खाल्ला.

ही मूळ संख्या आहे का? ६८ चा वर्ग ४६२४, म्हणून ६७ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं की झालं. कॅल्क्युलेटर नको, हा हट्ट माझाच. कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे भागाकार सुरू झाले. सातने बाकी तीन, तेराने चार, सतराने अकरा. ४७ पाशी मी ओरडलेच, "सापडला! ४७ गुणिले ९७!" ४७०० मधून ४७ त्रिक १३३ गेले, राहिले बरोबर ४५६७.

"आत्या, सात सत्ते एकोणपन्नास. शेवटी नऊ यायला पाहिजेत ना?"

४७ त्रिक १४१ असतात. पाढ्यांचा माझा तोरा तिथेच उतरला. ६७ ने भागून बाकी ११ उरली, तेव्हा कुठे ४५६७ मूळ ठरली.

पुढचं पटापट झालं. एकूण विभाजक २४. संख्येचा अर्धा, तिसरा आणि सहावा भाग मिळूनच ४११०३० भरतात, बाकीचे विभाजक वरकड; म्हणजे स्वतः सोडून बाकी विभाजकांची बेरीज संख्येहून जास्त, म्हणून ही विपुल संख्या. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने, म्हणजे नऊने, भाग जातो म्हणून हर्षद संख्याही. हे नाव द. रा. कापरेकरांचं. फर्ग्युसनमध्ये शिकलेले आणि देवळालीच्या शाळेत मास्तरकी करणारे, ६१७४ या कापरेकर स्थिरांकाने ओळखले जाणारे गणिती कापरेकर.

त्यांचा आणखी एक खेळ भाच्याला भलताच आवडला. संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवायची की पुढची संख्या जन्मते. काही संख्यांना असा जनकच नसतो. आमच्या पेठेला असेल का? मला वाटलं होतं, नसणार. सदाशिव पेठ कोणापासून जन्मेल? पण ४११०२१ अधिक ९, झाले ४११०३०. आणि ४११०२१ म्हणजे पाषाण! मग पोस्टाची पिनकोडची यादीच उघडली. पाषाणचा जनक ४११०१२, दापोडी. दापोडीचा ४११००३, खडकी. खडकीचा निघाला ४१०९७६, म्हणजे ४११ ची वेसच ओलांडली. उलट बाजूने पेठेत नऊ मिळवले तर ४११०३९, भोसरी. त्यात अठरा मिळवले की ४११०५७, हिंजवडी.

"दोन उड्यांत हिंजवडी!" भाचा म्हणाला आणि लगेच बाबांना फोन लावला.

माझा भाऊ सहा वाजता तिथल्या ऑफिसातून निघाला होता. साडेसात झाले तरी वाकडच्या पुलाखालीच होता.