पाप शिरतं कुठून

परवा दुपारी जेवून जरा आडवी झाले, डोळा लागला, उठून बघते तर चष्म्याची एक काडी तुटलेली. समोर नातू उभा, दोन्ही हात पाठीमागे. वय वर्षं साडेतीन. म्हटलं, हे कुणी केलं रे? तर जराही न अडखळता म्हणाला, मांजरीने. आता आमच्याकडे मांजर नाही. तिसरा मजला, खिडक्यांना जाळ्या, मांजर येणार कुठून?

रागवायचं राहिलंच, उलट कौतुक वाटलं, आजी झालं की हे असंच होतं. पण चहाचं आधण ठेवताना डोक्यात आलं की ह्याला हे शिकवलं कुणी? खोटं आम्ही सगळेच बोलतो, पण मांजर ही त्याची स्वतःची.

नगरला लहानपणी आमच्या चर्चच्या संडे स्कूलच्या बाईंकडे एक कापडी फळा होता, त्याच्यावर कागदी चित्रं चिकटवून गोष्ट सांगायच्या. एदेन बाग, झाड, कमरेएवढ्या झुडपामागे सोयीने उभे केलेले आदाम आणि हव्वा, आणि साप. सापाच्या पाठीमागचं कापड निघालेलं होतं त्यामुळे तो सारखा खाली पडायचा, मग गोष्ट संपेपर्यंत बाई त्याला अंगठ्याने दाबून धरायच्या. आजही सैतान म्हटलं की मला आधी बाईंचा अंगठा दिसतो. देवाने खाऊ नका म्हटलेलं फळ म्हणून सफरचंदाचं चित्र होतं. आमच्या घरी सफरचंद कोणी आजारी पडलं तरच यायचं, म्हणजे सगळ्या जगाचं वाटोळं ज्याने झालं ते आपल्याला परवडतच नाही ह्याचा मला मोठा आधार वाटायचा. पुढे कळलं की बायबलच्या पहिल्या, उत्पत्तीच्या पुस्तकात सफरचंद नाहीच, नुसतं फळ म्हटलंय. लॅटिनमध्ये सफरचंद आणि वाईट ह्यांना जवळजवळ एकच शब्द, मालुम, त्या घोळात बिचारं सफरचंद बदनाम झालं म्हणतात.

शेजारच्या काकूंकडे पाप लागायचं. मीठ सांडलं, पाप लागेल. मांजर मारलं तर काशीला जाऊन सोन्याचं मांजर द्यायला लागतं. म्हणजे लागलं तरी फेडायची सोय होती. आमच्याकडे मात्र पाप शिरायचं. बायबलात प्रेषित पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात आहे तसं, एका माणसामुळे पाप जगात शिरलं आणि पापाबरोबर मरण. लागलेलं धुता येतं हो, पण शिरलेलं? पावसाचं पाणी भिंतीत शिरतं तेव्हा ओल एका खोलीत दिसते आणि भोक भलतीकडेच असतं, गवंडी नुसता ठोकून बघत बसतो.

गल्लीच्या टोकाला एका वकिलांची पेरूची झाडं होती, तारेच्या कुंपणाच्या आत. आम्ही चौघी मैत्रिणी एका दुपारी घुसलो. पेरू कच्चे, दगडासारखे, एकेक चावा घेऊन फेकून दिले, शेळीला दिले तर तिनेसुद्धा तोंड फिरवलं. आणि आमच्याच परसात पेरू होता! गोड, आतून गुलाबी, आजी हाताने काढून द्यायची. त्याला कुंपण नव्हतं एवढंच.

खूप वर्षांनी चौथ्या-पाचव्या शतकातल्या संत ऑगस्टिनचं आत्मकथन हातात आलं आणि मी उडालेच. हा माणूस आजच्या अल्जीरियातल्या थागास्ते गावचा, १६ वर्षांचा असताना मित्रांबरोबर रात्री जाऊन दुसऱ्याच्या झाडाची नासपती चोरतो, घरी त्याहून चांगली असताना, आणि बहुतेक सगळी डुकरांना टाकतो. पुढे बिशप झाल्यावरही पानंच्या पानं तो त्या नासपतीपाशी घुटमळतो, की भूक नव्हती, मग का? करू नको म्हटलेलं होतं म्हणूनच ना? आदामाचा दोष जन्माबरोबर प्रत्येकाला येतो हे चर्चच्या डोक्यात पक्कं बसवलं ते त्यानेच. अंगावर पिणारं एक बाळ दुसऱ्या बाळाला पाजताना बघून हेव्याने पांढरंफटक पडलेलं त्याने पाहिलं होतं म्हणे. पौलाच्या ग्रीकमध्ये मरण सगळ्यांवर आलं 'कारण सगळ्यांनी पाप केलं' असं, पण त्याच्या लॅटिन प्रतीत ते 'ज्याच्यात सगळ्यांनी पाप केलं' असं वाचता येत होतं, म्हणजे आपण सगळे तेव्हा आदामाच्या पोटातच! पेलागियस नावाच्या साधूला हे पटलं नाही, मूल निर्दोषच जन्मतं म्हणाला, तर ४१८ साली कार्थेजच्या परिषदेने त्याची मतं मोडीत काढली. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चची मंडळी मधलं धरतात, आदामाकडून मरण येतं पण गुन्हा त्याचा त्याच्याकडे. माझं काही ठरत नाही. पोराला मांजर सुचते तेव्हा ऑगस्टिन पटतो, तेच पोर झोपलं की पेलागियस.

पण मला खरा राग येतो तो आदामाचा. फळ खाल्लं म्हणून नव्हे. हव्वेने फळ तोडलं तेव्हा हा तिच्याबरोबर होता, मूळ हिब्रूत तसं स्पष्ट आहे, बाजूला उभा राहिला, गप्प खाल्लं, आणि देवाने विचारल्यावर म्हणतो काय, तू जी बाई मला दिलीस ना, तिने दिलं. म्हणजे एका वाक्यात बायकोही गेली आणि देवही. हव्वा म्हणते सापाने भुलवलं. सापाला मात्र कोणी काही विचारलंच नाही, सरळ शिक्षा. विचारलं असतं तर त्यानेही मांजर सांगितलं असतं.

आजी ही गोष्ट वाचायची तेव्हा अंजिराच्या पानांपाशी हटकून थांबायची. पानं शिवून नेसली म्हणे! अगं अंजिराचा चीक अंगाला लागला तर खाज सुटते, म्हणून तर देवाला शेवटी कपडे करून द्यावे लागले. आणि खरंच, बागेतून हाकलायच्या आधी देव दोघांना चामड्याची वस्त्रं करून घालतो असं आहे त्यात. पेरूच्या दिवशी माझा फ्रॉक कुंपणाच्या तारेत फाटला होता. आजीने आधी दोन धपाटे घातले, वकिलांकडे नेऊन माफी मागायला लावली, रात्री जेवताना बोलली नाही. मग शिलाई मशीनवर बसली. निळ्या फ्रॉकला पांढरा दोरा, तिला दिसत नव्हतं धड.

संध्याकाळी मुलगी ऑफिसातून आली, आल्या आल्या टेबलावर नजर. मम्मी, चष्मा कुणी मोडला? नातू माझ्या मागे येऊन गाऊनला धरून उभा. म्हटलं, अगं मीच बसले त्याच्यावर, झोपेत.

आता घरात खोटं बोलणारे दोघं झाले.