तुम्ही विचारलंत म्हणून : दांगदुत ‘आपलंच’ का?

जकार्तात राहते म्हटलं की पुण्यात हमखास विचारतात, “तिकडचं ते दांगदुत म्हणजे आपल्याच हिंदी गाण्यांची नक्कल ना?”

नाही. दांगदुत म्हणजे इंडोनेशियातलं लोकप्रिय, नाचायला लावणारं संगीत. हिंदी चाली त्यात आहेत, नाकारतंय कोण? 1950 च्या दशकात हिंदी सिनेमे तिकडे जोरात चालले. तिथल्या मलायु (मलय) वाद्यवृंदांनी चाली उचलल्या, बासरी घेतली, तबल्याचा ठेका स्वतःच्या ढोलांवर बसवला. पण अरबी वळणंही त्यातच होती, आणि 1970 च्या दशकात रोमा इरामा या गायकाने त्यात इलेक्ट्रिक गिटार आणली, इस्लामचा उपदेश आणला. 1977 च्या निवडणुकीत त्याने मुस्लिम पक्षाचा प्रचार केला, तर सरकारी टीव्हीने त्याला वर्षानुवर्षं दारात उभं केलं नाही. नुसत्या नकलेला तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांचं सरकार एवढं बिचकलं असतं?

आमच्या ऑफिसच्या वार्षिक कार्यक्रमाला दांगदुतची पार्टी बोलावली होती. ड्रायव्हर, सुरक्षारक्षक, कँटीनमधल्या बायका, एरवी भिंतीकडेला उभी राहणारी ही माणसं पुढे येऊन नाचत होती. एक चाल ओळखीची निघाली आणि आमच्या टेबलावरचे भारतीय पाहुणे ओरडले, “अरे, हे तर आपलं!” एकजण थेट स्टेजवर चढला. ओरिजिनल गा म्हणाला, हिंदीत. गायिकेला हिंदी शब्द येत नव्हते. ती दोन्ही हात जोडून माफी मागत राहिली. हा माइक सोडेना. ढोलवाल्याने वाजवायचं थांबवलं, नाचणारे एकेक करून मागे सरकले. मला खालून हाका: “तुला भाषा येते ना, सांग तिला नीट!” मी जागची हलले नाही. नंतर ऐकावं लागलं, एवढं काय मनाला लावून घ्यायचं, कौतुकच करत होते ना!

कौतुक? ती बाई स्वतःच्याच गाण्याबद्दल माफी मागत होती.

आपल्या नाट्यसंगीताच्या कितीतरी चाली हिंदुस्थानी बंदिशी-ठुमऱ्यांवरून आल्या, साथीला ऑर्गन विलायती. म्हणून ‘मानापमान’ची पदं कुणी परकी म्हणत नाही.

आता तुम्ही म्हणाल, दांगदुतवाले तरी कुठे एवढे उदार? खरं आहे. 2003 मध्ये दांगदुत गायिका इनुल दारातिस्ताच्या कंबर फिरवण्यावरून गदारोळ झाला, तेव्हा तिच्यावर तुटून पडणाऱ्यांत रोमा इरामाच पुढे होता. स्वतः बंदी सोसलेला माणूस. मला तो आवडतो, आणि हे मी त्याला माफ करू शकत नाही.

आणि टॅक्सीत एखादी चाल ओळखीची निघाली की मलाही पटकन ‘आपलं’ वाटतं. स्टेजवर चढलेल्या त्या माणसालाही सुरुवातीला तेवढंच वाटलं असेल, असं मनात येतं. तरी त्याच्याशी माझं जमत नाही.