तुम्ही विचारलंत म्हणून: घरी काडतुसं का भरत नाही?

भाचा पुण्यात असतो. मोबाईलवर अमेरिकेतले व्हिडिओ बघतो आणि दर दिवाळीला विचारतो, "मामा, तुमच्याकडं बंदुकीचं लायसन आहे, मग तिकडच्यांसारखी काडतुसं घरीच का भरत नाही?" आता गावातली पोरंही विचारायला लागलीत. म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

कायद्याचं आधी, ते लवकर आटपतं. १९५९ च्या शस्त्र कायद्यात बंदूक बाळगायचा परवाना वेगळा, दारूगोळा बनवायचा वेगळा. माझ्याकडं पहिला आहे. दुसऱ्याशिवाय काडतूस बनवलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी ७ वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. जिंतूर तालुक्यात सोयाबीन पेरणाऱ्याला एवढा महागडा छंद परवडत नाही.

पण खरं सांगू का, ते व्हिडिओ मीही बघतो. उडालेलं पितळी कवच जपून ठेवायचं, कारण काडतुसात महाग तेच. बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी, दारू, गोळी तेवढी नवी. दारू ग्रेनवर तोलतात. एक ग्रेन म्हणजे ६५ मिलिग्रॅमच्या आसपास. आपल्या सोनाराच्या एका गुंजेत जवळपास दोन बसतात. काट्यापुढं श्वास धरून बसलेला तो गोरा म्हातारा बघितला की मला आमचे आबा दिसतात.

आबांकडं पिकाच्या राखणीला ठासणीची बंदूक होती. हरभऱ्यात रानडुकरं शिरली की आभाळाकडं बार काढायचा, एवढंच तिचं काम. ठासणीला कवच-बिवच नाही. दर बाराला नळीतच दारू ओतायची, चिंधी ठासायची. म्हणजे आबा जन्मभर हातानंच भरत आले की! त्यांच्या ठासायच्या गजावर सुरीनं पाडलेल्या दोन खाचा होत्या. गज नळीत सोडला आणि पहिली खाच तोंडाशी आली तर बंदूक रिकामी, दुसरी आली तर भरलेली. खाच अंधारात अंगठ्याला लागावी म्हणून चांगली खोल केलेली.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या साली, दिवेलागणीला ओसरीवर बार भरत असताना पाहुणे आले. आबा उठले, रामराम झाला, चहा झाला. परत येऊन बसले आणि पहिल्यापासून भरायला लागले. गज तेवढा बघितला नाही. रात्री शेतात नळी फाटली. डाव्या हाताची दोन बोटं गेली.

आता दारू बिनधुराची आली, काटे विजेवरचे आले, तरी तिकडच्या जाणत्यांना धास्ती हीच. पिस्तुलाच्या कवचात दारू बऱ्याचदा निम्म्याच्याही खाली राहते. चुकून दुसऱ्यांदा पडली तरी आत मावते. म्हणून ते भरलेली कवचं उजेडात धरून एकेक डोकावून बघतात. माझं ध्यान म्हणाल तर मोटार चालू करून आलो का, हे बघायला मी दोनदा विहिरीवर जातो. माझी बारा बोअरची काडतुसं दुकानातली, खडकीच्या कारखान्यात भरलेली. तेच बरं.

गज अजून माळ्यावर आहे. आबा त्यानंतर वीस वर्षं जगले. जेवणात मोठे तऱ्हेवाईक. भाकरी गार असली तरी ताट सरकवायचे. पण आजीच्या हातून वरणात दोनदा मीठ पडलं, तर मुकाट्यानं सगळं संपवून उठायचे.